सोमवारी एंगेज लागणारा फोन

मित्रांनो, अमेरिकेतल्या बफलो शहराच्या पूर्वेला चीकटोवागा नावाची वस्ती आहे. तिथल्या एका स्वयंपाकघराच्या भिंतीवर मी पन्नास वर्षं टांगलेला आहे. जुना, मोहरीच्या रंगाचा, बटणांचा टेलिफोन. खिशात मावत नाही, फोटो काढत नाही. मला बघून हल्ली लोक हसतात आणि मला ते मुळीच आवडत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

कारखान्यात माझ्या पोटात दोन घंटा बसवल्या, तेव्हा तपासणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, "जड आहे, पण टिकेल." मी तो शब्द पाळला. पोलादाच्या भट्टीवर काम करणाऱ्या स्टॅनली नोविकींच्या घरी मला आणून बसवलं. त्यांची दोन मुलं, लोरेटा आणि तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान कॅझ. घंटा वाजली की दोघं धावत यायची आणि माझा रिसीव्हर एकमेकांच्या हातून हिसकावायची. त्या ओढाताणीत मी दोनदा भिंतीवरून निखळलो. पण खरं सांगू? तेच माझे सुखाचे दिवस होते.

या घरात देवाच्या खालोखाल आमच्या शहराचा फुटबॉल संघ, म्हणजे चेंडू हातात धरून पुढे घुसायचा तो अमेरिकन फुटबॉल. रविवारी सामना असला की स्टॅनली बर्फ तुडवत स्टेडियममध्ये जायचे, आपल्या ठरलेल्या जागेवर बसायचे आणि बहुतेक वेळा तोंड पाडून परत यायचे. संघ जानेवारीतल्या बाद फेरीत पोचला की घरात कुणाच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

अकरा वर्षांपूर्वी अशाच एका जानेवारीत स्टॅनली हॉस्पिटलात शेवटचे दिवस मोजत होते. त्या रविवारी बाद फेरीचा सामना होता. कॅझ सामन्याला गेला. सामना अर्धा झाला आणि स्टॅनली गेले. संध्याकाळी कॅझ दारात आला, संघाचा मफलर अजून गळ्यात.

लोरेटा म्हणाली, "बाप जात होता आणि तू टाळ्या वाजवत होतास."

"बाबांनीच पाठवलं मला. म्हणाले, माझी जागा रिकामी ठेवू नकोस."

"मी होते तिथे. मला नाही ऐकू आलं."

"तू कॉफी आणायला गेली होतीस, लोरेटा."

तो मफलर काढून ठेवावा की घालून जावा, हे त्याला सुचेना. शेवटी तसाच गेला. तेव्हापासून या घरातून लॅकवानाला त्याच्या घरी फोन गेला नाही आणि त्याचा आला नाही.

मग सोमवारचं प्रकरण सुरू झालं. दर सोमवारी दुपारी दोन वाजता रेडिओवर डेनी नावाचा माणूस कालच्या सामन्यावर लोकांना भांडायला लावतो. एकदा लोरेटा बटाटे सोलत होती आणि रेडिओतून कॅझचा आवाज आला. प्रशिक्षकाची बाजू घेऊन तो तावातावाने बोलत होता. एक यार्ड उरला होता, प्रयत्न शेवटचा होता, तरी खांबांमधून किक मारून हमखास तीन गुण न घेता चेंडू घेऊन पुढे घुसले, हे बरोबरच केलं, असं त्याचं म्हणणं. "हिंमत नसेल त्यांनी घरी बसून मोजे विणावेत," तो म्हणाला.

लोरेटाने सुरी ठेवली आणि मला असं उचललं की माझी तार खुर्चीला अडकली. "डेनी, तुमच्या त्या लॅकवानाच्या गृहस्थांना सांगा, मोजे विणायला डोकं लागतं. तीन गुण ताटात वाढून ठेवले होते, ते लाथाडतं कोण?"

पुढच्या सोमवारी कॅझ म्हणाला, "त्या चीकटोवागाच्या बाईंना सांग, भित्र्यांना शहर लक्षात ठेवत नाही."

दहा वर्षं हे चाललं, मित्रांनो. एकमेकांशी एक शब्द नाही, आणि अख्ख्या शहरासमोर दर सोमवारी कडाकडा भांडण. लोक गाडी रस्त्याच्या कडेला थांबवून ऐकायचे. लोरेटा फोन ठेवल्यावर उरलेला दिवस गुणगुणत असायची. ते फक्त मला ठाऊक होतं.

यंदा संघ बाद फेरीत गेला आणि त्याच सोमवारी कॅझचा फोन आला नाही. लोरेटा रेडिओजवळ बसून राहिली. खोडून काढायला कुणी नाही म्हटल्यावर तिनेही फोन केला नाही. पुढच्या रविवारी तर संघ एका गुणाने जिंकला, तोही शेवटच्या प्रयत्नात पुढे घुसून. अशा दिवशी कॅझने डेनीचं डोकं खाल्लं असतं. सोमवारी दोन वाजून गेले, सव्वादोन झाले. कुणीतरी चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या खांद्याबद्दल बोललं, कुणी पुढच्या सामन्याच्या बर्फाबद्दल. कॅझ नाही.

लोरेटाने मला उचललं आणि बटणं दाबायला लागली. कॅझचा सात आकडी नंबर मी ओळखला. सहा आकडे दाबून तिने रिसीव्हर आपटला. ओटा पुसला. पुसलेला ओटा पुन्हा पुसला. परत सहा आकडे. सातवा काही तिच्या बोटाला जमेना. मला इतका राग आला की सांगता येत नाही. एक आकडा, बाई. एकच आकडा राहिलाय. पण टेलिफोनला स्वतःहून बोलता येत नाही, हीच तर माझ्या जन्माची अडचण.

शेवटी तिने केलं काय, तर डेनीला फोन लावला. भावाला विचारायचं सोडून शहराला विचारायला निघाली. फोन उचलणाऱ्या मुलीने रांगेत थांबायला सांगितलं. लोरेटा थांबली. तार ताणून खिडकीपाशी जायची, परत यायची, उगाच झाकणं उघडून बघायची आणि ओठांतल्या ओठांत वाक्य घोळवायची, "डेनी, ते लॅकवानाचे गृहस्थ हल्ली कुठे तोंड लपवून बसलेत?" तासाभराने मुलगी म्हणाली, "पुढचा नंबर तुमचा."

रांगेतल्यांना फोनवरच कार्यक्रम ऐकू येतो; तेवढ्यात माझ्यातून कॅझचा आवाज आला. बारीक, दमलेला. लोरेटा जागच्या जागी उभी राहिली.

रांग मोडून त्याला पुढे घेतलेला डेनी म्हणाला, "अरे, कॅझ. कुठे होतास? काल तुझ्या मनासारखं झालं ना?"

"सामन्याचं राहू दे. मी हॉस्पिटलात आहे. उद्या सकाळी हृदयाची शस्त्रक्रिया आहे. तासभर बहिणीला, त्या चीकटोवागाच्या बाईंना, फोन लावतोय आणि तो एंगेज येतोय. ती तुझ्याच रांगेत अडकलेली असणार. तिला म्हणावं, फोन खाली ठेव."

मग डेनी हळू आवाजात म्हणाला, "लोरेटा, तुम्ही ऐकताय ना?"

शहर ऐकत होतं. दहा वर्षांत पहिल्यांदाच तिला उत्तर द्यायचं नव्हतं. तिने रिसीव्हर माझ्यावर ठेवला, इतका अलगद की मलाच क्षणभर कळलं नाही.

आणि आम्ही दोघं वाट बघू लागलो. एक मिनिट. दीड. त्याला नर्सने झोपवलं असेल का? त्याचा धीर सुटला असेल का? लोरेटा माझ्याकडे टक लावून बघत होती आणि माझ्या पोटातल्या घंटा नुसत्या ताणलेल्या. आयुष्यात मी इतका घाबरलो नाही.

मी वाजलो. पहिली घंटा पुरती वाजूही दिली नाही तिने.

"किक मारायला हवी होती," ती म्हणाली आणि रडायला लागली.

पलीकडून कॅझ हसला, मग खोकला. म्हणाला, "ये ना इकडे, बाबांच्याच हॉस्पिटलात. इथे येऊन भांड."

तिने कोट चढवला आणि धावतच सुटली. दार लावून घ्यायचंही भान राहिलं नाही. रिसीव्हर तारेला लोंबकळत राहिला आणि कॅझ बराच वेळ "लोरेटा? निघालीस का?" असं रिकाम्या घराला विचारत होता.

मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल. उद्या मला काढून अडगळीत टाकलंत तरी मी कुरकुर करणार नाही. पण मनात कुणी असेल आणि सहा आकडे दाबून झाले असतील, तर सातवाही दाबा. आम्ही यंत्रं सगळं करतो, तेवढं मात्र आमच्या हातात नाही.