पोटदुखीनं मेलेले काउबॉय

ओर्लिंदो ताराबेल्लीच्या खुर्चीत दाढीला बसलं की फेसाबरोबर लेस्टर क्लेटनचं कौतुकही गालाला फासून घ्यावं लागे. सुटका नव्हती. वस्तरा त्याच्या हातात असायचा.

"काय माणूस आहे," चामड्याच्या पट्ट्यावर पातं घासत ओर्लिंदो सुरू व्हायचा. "त्याच्या पिक्चरमधले घोडे बघा, धूळ बघा. अमेरिकन तो अमेरिकनच." मग आरशातून मागच्या बाकाकडे एक नजर टाकून, "नाहीतर आमचे चिरंजीव. रोमला जाऊन तेरा वर्षं झाली. काय करता विचारलं तर म्हणे सिनेमात आहे. सिनेमात म्हणजे नेमकं कुठे, तिकिटं फाडायला का खुर्च्या झाडायला, ते कुणी विचारायचं नाही."

बाकावर बसलेले चिरंजीव म्हणजे नेवियो. अडतिशीचा, डोक्यावरचं पीक विरळ व्हायला लागलेला, ईस्टरसाठी गावी आलेला. गुलाबी कागदाचं खेळाचं वर्तमानपत्र तोंडासमोर धरून तो निमूट बसून राही. कारण लेस्टर क्लेटन तोच होता.

यात जगावेगळं काही नव्हतं. तेव्हा रोममध्ये काउबॉयचे सिनेमे काढणारा जो तो कुणीतरी जॉन नाहीतर विल्यम होऊन बसला होता. कॅमेरावाला, वेशभूषावाली, घोड्यांना वैरण घालणारा, सगळ्यांचं पडद्यावर परस्पर बारसं झालेलं. आपल्या माणसाला घोडा दौडवता येत नाही अशी या देशाची ठाम समजूत, आणि त्याच माणसानं परदेशी नाव लावलं की तोच घोडा देशाला वाऱ्यासारखा वाटतो. समीक्षक मंडळी याहून शहाणी. ती चित्र न बघताच नाक मुरडत, त्यामुळे नाव कुणाचं आहे याच्याशी त्यांना कर्तव्यच नसे.

पहिलं चित्र लागलं तेव्हाच नेवियोनं बापाला सांगून टाकलं होतं. "बाबा, तो क्लेटन म्हणजे मीच."

"बरं," ओर्लिंदो म्हणाला होता. "आणि मी पोप. हात धू, जेवायला बस."

तेव्हापासून दर ईस्टरला हेच. नेवियोला बक्षिसं नको होती, समीक्षकांची शाबासकी तर मुळीच नको. बापानं चार गिऱ्हाइकांसमोर एकदा म्हणावं, हा पिक्चर माझ्या पोरानं काढलाय. एवढ्या एका वाक्यासाठी तो अकरा वर्षं त्या बाकावर झिजत होता.

त्याचं टेक्सास रोमबाहेरच्या एका वाळूच्या खाणीत होतं. तिथं चित्रीकरण चाले तेव्हा आवाज घेतच नसत. नायक जर्मन, नायिका स्पॅनिश, खलनायक जेनोआचा. ज्यानं त्यानं आपापल्या भाषेत बोलावं आणि वाक्य आठवलं नाही तर आकडे म्हणावेत. नायिका डोळ्यांत पाणी आणून नायकाला "सतरा, अठरा, एकोणीस" म्हणायची. मग महिन्याभरानं डबिंगच्या खोलीत कुणी दुसरीच बाई त्या ओठांवर "मला सोडून जाऊ नकोस" बसवायची. लोक थिएटरात रुमाल काढायचे.

आणि गोळी लागून जे पडत, त्या सगळ्यांचं कण्हणं नेवियो स्वतः करायचा. निर्माता स्काल्झी मरणाऱ्यांसाठी वेगळा नट द्यायला तयार नसे. "मरणाऱ्याला कसला आलाय नट?" हे त्याचं तत्त्वज्ञान. त्यामुळे दरोडेखोर, मेक्सिकन, शेरीफ, दारूच्या गुत्त्याचा मालक, सगळे नेवियोच्याच आवाजात मरायचे.

यंदाच्या ईस्टरहून परतल्यावर मात्र नेवियो तडक स्काल्झीच्या ऑफिसात जाऊन उभा राहिला. स्काल्झी तळलेली ऑलिव्ह खात होता.

"या पिक्चरला माझं नाव लावायचं."

"कुठे लावायचं?"

"पोस्टरवर. दिग्दर्शक, नेवियो ताराबेल्ली."

"ताराबेल्ली." स्काल्झीनं ते नाव ऑलिव्हबरोबर तोंडात घोळवून बघितलं. "बिस्किटाच्या पुड्यावर छान दिसेल. काउबॉयच्या पोस्टरवर बघून लोक विचारतील, बिस्किटं कुठायत?"

"नाहीतर मी पिक्चर करत नाही."

स्काल्झीनं बोटं पुसली. काउबॉयची लाट तशीही उतरणीला लागली होती, आता सगळ्यांना खुनाची चित्रं हवी होती. त्याला फारसं काही गमवायचं नव्हतं. "लाव बाबा. पण एक सांगून ठेवतो. बुडायचं तर तू एकटा बूड, त्या क्लेटनला बरोबर नेऊ नकोस. तो अजून कामाचा माणूस आहे."

आता स्वतःचं नाव लागणार म्हटल्यावर नेवियो एकदम सभ्य झाला. धूळ कमी उडवली. नायकाला सूर्यास्ताकडे बघून विचार करायला लावला, आणि तो गडी आधीच इतका मठ्ठ की विचार करताना त्याला झोप लागली. सगळ्यांत मोठी सुधारणा म्हणजे मरण्यासाठी त्यानं रंगभूमीवरचा एक खराखुरा नट आणला. त्या नटानं आयुष्यभर शोकांतिका केल्या होत्या. तो सुरेल मरायचा, सावकाश, मध्ये श्वास घेऊन पुन्हा मरायचा.

चित्र गावात एदेन थिएटरला लागलं ते एका रविवारी. पोस्टर नेमकं ओर्लिंदोच्या दुकानासमोरच्या भिंतीवर चिकटवलं. नेवियो खास रोमहून आला होता. दुपारच्या खेळाला गाव लोटला, पण तो चित्र बघायला नव्हे, न्हाव्याच्या पोराची फजिती बघायला.

"ही वाळू आपल्या नदीकाठची वाटते हो," औषधांच्या दुकानाचे मालक ब्रांदिमार्ते अंधारात मोठ्यानं म्हणाले. वाळू त्याच खाणीतली होती. गेल्या वर्षी हेच गृहस्थ तिला टेक्सासची तांबडी माती म्हणत होते.

"आणि घोडा बघा. गाढवाचा चुलतभाऊ."

घोडाही तोच होता. क्लेटनच्या चित्रात त्याच्या चालीत ब्रांदिमार्तेंना अमेरिकन रक्त दिसलं होतं. नेवियो शेवटच्या रांगेत बसून हे सगळं ऐकत होता, आणि त्याला स्वतःपेक्षा त्या घोड्याचं जास्त वाईट वाटत होतं. तीन रांगा पुढे ओर्लिंदो मांडीवर हॅट ठेवून ताठ बसला होता. हसला नाही, वळला नाही, उठलाही नाही.

खेळ सुटल्यावर बापलेक चौकातल्या बारमध्ये गेले. ओर्लिंदोनं कॉफीत मिस्त्रा ओतून घेतली. बडीशेपेच्या त्या दारूचा वास दोघांमध्ये तरंगत राहिला.

"कसा वाटला?" शेवटी नेवियोनंच विचारलं.

"वाईट."

"थोडासुद्धा बरा नाही?"

"माणसं नीट मरत नाहीत त्यात." ओर्लिंदोनं कप खाली ठेवला. "तो कुठला शहाणा आणला होतास मरायला? गोळी लागलेला माणूस देवाशी एवढ्या गप्पा मारत नाही. आधीच्या पिक्चरांत बघ. आधी बारीक कण्हणं, मग 'आई गं', मग एकदम गप्प. आई बघतेय का नाही, ते पाहायला. आणि बघत नसली तर पुन्हा पहिल्यापासून."

नेवियोचा हात कपावरच राहिला. गणिताच्या परीक्षेच्या सकाळी लहानपणी तो असाच पोट धरून अंथरुणात लोळायचा. अगदी याच क्रमानं.

"तुम्हाला माहीत होतं."

"पहिल्या पिक्चरपासून. चार दरोडेखोर पडले, चौघांचंही पोट तुझ्यासारखं दुखत होतं. शेजारी तुझी आई म्हणाली, अहो, या बिचाऱ्याला कुणी एरंडेल द्या."

"मग अकरा वर्षं माझी चेष्टा कशाला केलीत, बाबा?"

"मी केली? अकरा वर्षं तू माझं नाव खिशात लपवून हिंडलास. माझ्या दुकानावर पाटी आहे, ओर्लिंदो ताराबेल्ली. ज्या दिवशी माझ्या हातून नगराध्यक्षांचा कान कापला गेला, त्या दिवशी तीच होती. गाव दारात जमला होता. दुसऱ्या दिवशी मी काय मिस्टर क्लेटन होऊन दुकान उघडलं?"

"ते निर्मात्याला हवं होतं."

"आणि तुला नकोच होतं. जबरदस्तीनं हॅट घातली पोराच्या डोक्यावर."

ते नाव मिळालं त्या दिवशी आरशासमोर नेवियोनं ते निरनिराळ्या आवाजात म्हणून पाहिलं होतं, आणि ते त्याला भारी शोभत होतं.

"क्लेटनचे पिक्चर मात्र चांगले असायचे," ओर्लिंदो उठत म्हणाला. "त्याच्याकडून शीक काहीतरी."

सकाळी दुकान उघडताच ब्रांदिमार्ते खुर्चीत हजर. रोजची दाढी तर होतीच, पण आज त्यांना बोलायचंही होतं. नेवियोला बाकावर बघून त्यांना अधिकच हुरूप आला.

"ओर्लिंदो, राग मानू नका," फेसातून ते म्हणाले, "पण क्लेटन तो क्लेटनच. कालचा पिक्चर म्हणजे..."

वस्तरा त्यांच्या गळ्याच्या घाटीवर येऊन थांबला.

"म्हणजे?" ओर्लिंदोनं अगदी आदरानं विचारलं.

ब्रांदिमार्तेंनी आरशात पाहिलं. "म्हणजे, घोडा बरा होता."

"काल गाढवाचा चुलतभाऊ होता."

"अंधारात नीट दिसलं नाही."

"आणि धूळ?"

"धूळ उत्तम."

"मान हलवू नका." ओर्लिंदोनं पातं हलकेच वर ओढलं आणि फेस फडक्याला पुसला. मग वाट बघत उभ्या असलेल्या बाकीच्या गिऱ्हाइकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "माझ्या पोरानं काढलाय तो पिक्चर. आधीचे सगळेसुद्धा त्यानंच काढलेत. आता दुसरा गाल."

ब्रांदिमार्तेंनी लगेच दुसरा गाल पुढे केला. मग मागच्या बाकावर वर्तमानपत्राआडून कुणीतरी पोटात कळ आल्यासारखं बारीक कण्हलं.

"नाटकं पुरे," आरशात न बघताच ओर्लिंदो म्हणाला. "पुढच्या पिक्चरला ठेव."