मोरपिसाचा डोबर

मी डोबर. पाण्यावर तरंगणारं माझं बोटभर लाल टोक तुम्ही कधीतरी पाहिलं असेल. आज बोलतंय ते पाण्याखालचं माझं बाकीचं अंग.

मासे धरणाऱ्याच्या दोरीवर, गळाच्या बराच वर मला बांधतात. खाली मासा लागला की काठावरच्या माणसाला ते कळवायचं, एवढंच माझं काम. नेदरलँड्समध्ये मला डोबर म्हणतात. मला घडवणारा चंद्रहासही तेच म्हणायचा. तो मूळचा राजापूरच्या खाडीकाठचा. तिकडे त्याचे काका नुसती दोरी बोटावर घेऊन बसत आणि मासा त्यांना बोटालाच कळे. माझ्यासारख्याची तिथे कुणाला गरज पडली नाही.

मी मोरपिसाची दांडी आहे. मोर म्हटल्यावर तुमच्या मनात जे येईल त्यातलं माझ्या मोराला काहीही ठाऊक नव्हतं. तो हार्लेमच्या एका बागेत बकऱ्या आणि सशांच्या शेजारी वाढला. मुलांनी टाकलेला पाव खायचा आणि गारठ्यात अंग फुगवून बसायचा. त्याचं एक गळलेलं पीस लहानग्या ऋजुतानं उचलून आल्मेरेला घरी आणलं. पुढे पिसाचा रंग गेला, केस झडले, पांढरी दांडी उरली. तिच्या आईनं, मालिनीनं, ती कचऱ्याच्या डब्यात टाकली. चंद्रहासनं ती बाहेर काढली.

"अहो, काय करणार आहात त्या काडीचं?"

"बघ तर."

त्यानं दोन्ही टोकं कापली, डिंकानं बंद केली, आणि मालिनीची लाल नेलपॉलिश न विचारता वापरली. त्यावरून घरात जे झालं ते मी खिडकीत वाळता वाळता ऐकलं.

खरा वाद मात्र दुसराच होता. मालिनी साताऱ्याची, शाकाहारी घरातली. नवऱ्यानं मासे खावेत याला तिची हरकत नव्हती; लग्न करतानाच तिनं ते मान्य केलं होतं. पण इथे पकडलेला मासा परत पाण्यात सोडतात हे कळल्यावर ती चिडली.

"खायचं असेल तर एक वेळ समजू शकते मी. खायचं नाही, तर त्या मुक्या जिवाला छळायचं कशाला?"

मग तिनंच अट घातली. "जा हवं तर. पण एकही मासा तुमच्या हातून मरता कामा नये. एक जरी मेला तरी ही काठी घरातून बाहेर."

त्यानं ती अट पाळली. गळाचा उलटा काटा तो पकडीनं दाबून सपाट करायचा, म्हणजे गळ सहज निघतो. मासा हातात घेण्याआधी हात पाण्यात बुडवून गार करायचा. शेजारचा खेरित, ज्यानं त्याला ही काठी धरायला शिकवली, तो या काळजीची थट्टा करायचा. "तू मासे पकडतोस की त्यांची शुश्रूषा करतोस?" खेरित स्वतः आमिष म्हणून अळ्या वापरायचा. चंद्रहासनं एकदा त्या घरी आणल्या आणि गारव्यासाठी फ्रिजमध्ये ठेवल्या.

"माझ्या दह्याशेजारी? अळ्या?"

त्या दिवसापासून आमच्या गळाला कणकेची गोळी लागायची, आत चिमूटभर हिंग. खेरित आधी हसला, मग काही आठवड्यांनी हळूच विचारू लागला, "ती वासाची पूड थोडी मिळेल का?"

आम्ही बाहेर पडायचो ते मार्चमध्ये. पाण्यावरचा बर्फाचा पापुद्रा नुकताच गेलेला असायचा, काठच्या लव्हाळ्यांना कोंब नसायचे, आणि पाणी इतकं गार की त्यात उतरताना माझ्या सांध्यात कळ जायची. अशा पाण्यात मासे फार हलत नाहीत. तासन् तास काही घडत नाही. माणसांना काही न घडणं सोसत नाही, हे मी पाहिलेलं आहे. ती लगेच खिशातून फोन काढतात. चंद्रहास काढायचा नाही. तो माझ्या लाल टोकाकडे बघत राहायचा. एकदा खेरितला म्हणाला, "आपण बसलोय ती जमीन पूर्वी समुद्राचा तळ होती. म्हणजे खरं तर मासेच इथले जुने रहिवासी." खेरित म्हणाला, "आणि घरपट्टी आपण भरतोय."

दर मार्चमध्ये तो मालिनीला म्हणायचा, "एकदा चल. तिथे काय असतं ते मला सांगता येत नाही." ती म्हणायची, "थंडीत गुडघे धरतात माझे. पुढच्या वर्षी बघू."

गेल्या नोव्हेंबरात एका सकाळी चंद्रहास झोपेतून उठला नाही. मला एवढंच माहीत आहे. मी मागच्या अंगणातल्या खोलीत सायकलींच्या मागे होतो. पुष्कळ दिवस ते दार फक्त सायकलींसाठी उघडलं.

मार्चमध्ये ते माझ्यासाठी उघडलं. मालिनी उभी होती, तिच्या मागे ऋजुता. ऋजुता आता युट्रेख्टला शिकते. आईला सोबत म्हणून शनिवार-रविवार घरी येते.

"हे सगळं खेरितला देऊन टाकायचं," मालिनी म्हणाली. "पण आधी मला एकदा जाऊन बसायचंय. ते बसून बघायचे तिथे."

"आई, सीरियसली? तू मासे पकडणार?"

"पकडणार नाही. बसणार. पण काठी टाकल्याशिवाय तिथे बसायचं कसं? वेड्यासारखं दिसेल."

ऋजुतानं आईच्या नावाचा मासेमारीचा परवाना काढला. खेरित आपली घडीची खुर्ची घेऊन आला. आमची काठी साधी, लांबलचक, चकरी नसलेली. दोरी थेट शेंड्याला बांधतात. नायलॉनच्या त्या दोरीला चंद्रहास तंगूस म्हणायचा. हिवाळ्यात तिला पीळ पडला होता. खेरितनं नवी काढली, मला आणि जुन्या गळाला तिच्यावर बांधलं आणि ती शेंड्याला बांधायला हात पुढे केला.

"द्या इकडे," मालिनी म्हणाली. "आयुष्यभर शिवणकाम केलंय मी. गाठ मारायला मला शिकवू नका."

तिनं शिवणात मारतात तशी बारीक, सुबक गाठ मारली आणि उरलेलं टोक गाठीपाशी दातानं तोडलं. सुती दोऱ्याला ते चालतं. तो स्वतःच्या अंगाला धरून राहतो. तंगूस गुळगुळीत असतो. गाठ ओली करून आवळावी लागते आणि टोक थोडं लांब सोडावं लागतं. खेरितला हे माहीत होतं. त्यानं तोंड उघडलं, मालिनीकडे पाहिलं आणि मिटलं.

खेरितनं सवयीनं गळाला हिंगाच्या कणकेची गोळी लावली आणि मी पाण्यात उतरलो. कालव्यावरच्या सायकलपुलाच्या जवळची तीच जागा. वारा नव्हता. मालिनी शालीवर जॅकेट घालून बसली होती आणि माझ्याकडे बघत होती. मग तिचा श्वास संथ झाला. दुरून मला ते कळत होतं, कारण काठीतून सगळं माझ्यापर्यंत येतं.

मग मी वर उचलला गेलो.

बहुतेक मासे मला खाली ओढतात. ब्रासेम नावाचा चपटा मासा मात्र डोकं खाली करून तळावरचं टिपतो आणि सरळ होताना गळाचं वजन उचलून घेतो. तेव्हा मी बुडत नाही. उलट वर येतो आणि आडवा पडतो.

"अगं, हा झोपला," मालिनी म्हणाली.

"ओढ!" खेरित ओरडला. "आत्ता! ओढ!"

दचकून तिनं काठी उचलली. काठी वाकली, पार कमानीसारखी. मालिनी उभी राहिली आणि त्याच क्षणी शेंड्यावरची सुबक गाठ सुटली. काठी सरळ झाली. दोरी, मी आणि गळ, सगळं त्या माशाबरोबर पाण्यात गेलं.

"गेला," ऋजुता म्हणाली.

"गेला नाही," खेरित म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "दोरी त्याच्या तोंडाला आहे. ती कुठे अडकली तर तो तिथेच बांधून राहील. उपाशी."

मालिनीचा चेहरा मी पाण्यात जाता जाता पाहिला. इतकी वर्षं चंद्रहासनं पाळलेली अट तिच्याच गाठीनं मोडायला निघाली होती.

त्यानंतरचं फक्त मला ठाऊक आहे.

मी कधी इतका खोल गेलो नव्हतो. हिरवा उजेड तपकिरी झाला, मग नुसता अंधुक राहिला. गारवा जड झाला. तळाशी कुणाची तरी सायकल पडलेली होती, तिच्या चाकात शिंपले राहत होते. मासा तिच्यावरून गेला, पुलाच्या सावलीत शिरला आणि थांबला.

तिथे ते सगळे होते.

शेकडो ब्रासेम. एकाला एक लागून, एकाच दिशेला तोंड करून, अख्खा हिवाळा तसेच उभे राहिलेले. कल्ले उघडत मिटत होते, तेही सगळ्यांचे जवळजवळ एकत्र, जणू त्या गर्दीला एकच श्वास पुरत होता. कुणी कुणाला ढकलत नव्हतं. आमचा मासा आत शिरला तशी त्यांनी त्याच्यापुरती जागा केली आणि पुन्हा मिटून घेतली. मी त्यांच्या मधोमध दोरीला अडकून होतो. इतकी वर्षं या पाण्याच्या पृष्ठभागावर मी उभा राहिलो, वरच्या माणसांना मासा आला, मासा गेला एवढं सांगत राहिलो. आणि माझ्या पायाखाली हे होतं. वर पुलावरून सायकली जात होत्या. त्यांची घरघर तिथे पोचत होती, पण कुणी हलत नव्हतं. चंद्रहासला सांगता येत नव्हतं ते हेच होतं का, मला माहीत नाही. त्यानं हे पाहिलं नव्हतं. पण बसायचा तो असा, की त्याला ठाऊक असावं.

मासा स्थिर झाला तशी दोरी सैल पडली. तरंगणं माझ्या अंगातच आहे. मी वर जाऊ लागलो. पुलाच्या सावलीत माझं लाल टोक बाहेर आलं.

"आई! तिकडे, पुलाखाली!"

पुलाच्या कडेला होड्या बांधण्याची लाकडी फळी आहे. ऋजुता तिच्यावर पालथी पडली आणि खेरितच्या लांब दांड्याच्या जाळीनं मला ओढून घेतलं. खेरितनं दोरी धरायला हात घातला.

"थांबा," मालिनी म्हणाली. "ओढू नका. मला द्या."

ती गुडघ्यांवर बसली. त्या दुखऱ्या गुडघ्यांवर, ओल्या फळीवर. दोरी तिनं दोन बोटांत घेतली. खालून मासा जोर करी तेव्हा ती दोरी सोडी. तो थांबला की हळूच घेई. मी तिच्या मांडीवर पडून हे बघत होतो. मध्ये एकदा दोरी त्या सायकलीला घासली आणि थांबली. मालिनी पण थांबली. ऋजुता ओठ चावत होती. मग खाली कुणीतरी मान वळवावी तशी दोरी बाजूला सरकली आणि सुटली.

"एवढं मोठं काय आहे तिकडे?" ऋजुता कुजबुजली.

पाण्यातून आधी एक काळी पाठ वर आली. मग तो कुशीवर वळला आणि सगळी सावली उजळली. परातीएवढा मासा, घासून ठेवलेल्या काशाच्या भांड्यासारखा. डोळ्याभोवती सोनेरी कडं. ओठ नळीसारखे पुढे येत होते आणि मागे जात होते.

"हात," खेरित म्हणाला. "आधी हात गार कर. तुझा हात त्याला निखाऱ्यासारखा लागेल."

मालिनीनं बाह्या सारल्या आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातले. ती कळवळली, पण काढले नाहीत. बोटं पांढरी पडेपर्यंत तशीच राहिली. मग माशाला खालून आधार दिला. गळ ओठाच्या कडेला होता. त्याचा काटा चंद्रहासनंच कधीतरी दाबून ठेवलेला. एका बोटानं तो सुटला. ओठावर ठिपक्याएवढं भोक राहिलं.

मासा मात्र गेला नाही. दमला होता. तो आडवा व्हायला लागला.

"धरून ठेव," खेरित म्हणाला. "सरळ. पाणी कल्ल्यांतून जाऊ दे. त्याचा तो जाईल."

"आणि नाही गेला तर?"

खेरित तिच्या शेजारी फळीवर टेकला.

ती धरून राहिली. ऋजुता म्हणाली, "आई, तुझे हात निळे पडलेत, मी धरते." मालिनीनं मान हलवली. तिच्या हातांत त्याचे कल्ले उघडत होते, मिटत होते. आधी मध्येच अडत होते. मग एका लयीत आले. तिचं सगळं लक्ष तिथेच होतं. आणि मग अगदी हलक्या आवाजात, शेजारी कुणी बसलेलं असावं तशी ती म्हणाली, "अहो, बघा ना. केवढा आहे हा."

ऋजुतानं तोंड फिरवलं. खेरितला मराठी येत नाही, पण त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

शेपटी एकदा हलली. मालिनीनं बोटं उघडली. तो लगेच पळाला नाही. तिच्या तळहातांवर क्षणभर स्वतःच्या बळावर उभा राहिला आणि मग पुलाच्या सावलीत, आपल्या माणसांत निघून गेला.

त्या दिवशी काठी खेरितकडे गेली नाही. मालिनी अजून येते, थंडीत, शाल घेऊन. गुडघ्यांना मलम लावून येते. शेंड्याची गाठ आता खेरित मारतो आणि ती त्याला मारू देते. माझ्याखाली वजनाचे मणी आहेत, मी सरळ उभा राहावा म्हणून. गळ नाही.

खेरितनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, "मग पकडणार काय?"

"काही नाही," ती म्हणाली. "खाली ते आहेत, तेवढं पुरे."

माझा लाल रंग आता सालपटतो आहे. अजून काही मार्च निभतील. तुमच्याकडे एक मागणं आहे. कधी कुठल्या काठानं जाताना लव्हाळ्यात किंवा पुलाखाली माझ्यासारखं एखादं टोक दिसलं, आणि वारा नसताना ते हलत असलं, तर कचरा समजून पुढे जाऊ नका. गुडघे टेका. हात गार करा. दोरी हळू घ्या, ओढू नका. खाली कुणीतरी आहे.