समाप्तीनंतरचं रीळ

दोन प्रोजेक्टर, त्यांतल्या एकाचं भिंग गायब. पत्र्याचे रिकामे डबे अकरा. भिंतीला भोकं तीन, त्यांतलं तिसरं ऑपरेटरला पडदा बघायला. त्या भोकाखाली एक लाकडी खोकं. मंगळवार पेठेतल्या बंद टॉकीजच्या मशीनखोलीत शिवलीलाला एवढंच सापडलं. शूटिंगला तेवढं पुरलं. तिचे अप्पा, शिवाप्पा, इथं ऑपरेटर होते आणि याच खोक्यावर उभी राहून ती लहानपणी सिनेमे बघायची.

भौतिकशास्त्राची पदवी घेऊन पोरगी सिनेमाकडं वळली तेव्हा अख्ख्या भावकीनं कपाळाला हात लावला होता. आता तिचा पहिला सिनेमा तयार होता. गोष्ट तिच्याच लहानपणाची, आणि भांडण लागलं होतं शेवटावरून.

तेव्हा एकच प्रिंट दोन टॉकीजमध्ये चालायची. तिकडं रीळ संपलं की केरबा ते सायकलवरून इकडं आणायचा. एका रविवारी शेवटचे दोन डबे घेऊन निघालेला केरबा वाटेत खासबागेच्या मैदानात कुस्ती बघायला थांबला. इकडं लोक खुर्च्या आपटायला लागले. कुस्ती निकाली झाल्यावर केरबाला भान आलं, आणि हाताला लागला तो डबा घेऊन तो सुटला. तो निघाला शेवटचा. त्याच्या आधीचा मैदानातच राहिला. शिवाप्पांनी आला तो लावला. नायक मेला, चिता पेटली, ‘समाप्त’ची पाटी पडली. तोवर केरबा मैदानात राहिलेला डबा घेऊन धापा टाकत हजर.

"बसा!" शिवाप्पा भोकातून ओरडले. "अजून एक डबा हाय!"

आणि पडद्यावर मेलेला नायक बायकोच्या ताटातला लाडू पळवताना दिसला. थेटर शिट्ट्यांनी दणाणलं. शिवलीलाची अव्वा, म्हणजे आई, गौराबाई, त्याच महिन्यात गेली होती. त्यानंतर खोक्यावरची पोर त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

म्हणून तिच्या सिनेमातही अव्वा जाते, ‘समाप्त’ची पाटी पडते, आणि त्यानंतर अव्वा चुलीपुढं बसून, अप्पांची टर उडवत, निवांत भाकरी थापते.

निर्माता विश्वजित याच शेवटावर अडून बसला होता.

"पाटी पडली की माणूस चप्पल शोधतंय, लीला. तुझी अव्वा काय रिकाम्या खुर्च्यांस्नी भाकरी वाढणार व्हय?"

"वाढंल."

"हट्ट सोड. पाटी शेवटाला टाक. न्हाईतर मी टाकून घेतो."

अप्पाही त्याच्याच बाजूचे. "माझी फजिती चारचौघांत कशाला दावतीस गं? ऑपरेटरनं रीळ चुकवलं म्हणत्यात."

"अप्पा, तुम्ही लावलेला सगळ्यात भारी खेळ हाय तो." ती विश्वजितकडं वळली. "अव्वा मेली तिथं माझा सिनेमा संपत न्हाई, दादा. तुम्ही नुसता अंदाज सांगताय. मोजूया की."

ठरलं. हीच टॉकीज, दुपारचा खेळ, पेठेतली माणसं. पाटीनंतर निम्मी माणसं बाहेर गेली तर विश्वजित म्हणेल तो शेवट.

"आणि पाटी पडली की दारं उघडायची," विश्वजित म्हणाला. "पूर्वी उघडायची तशी."

"दोन्ही उघडा. एकात तुम्ही उभं राहा, एकात मी."

अप्पांना तिनं बजावलं, "वरडायचं न्हाई हं. वरडलासा तर मोजणी बाद."

खेळाच्या दिवशी भाड्याचा प्रोजेक्टर लावला. अव्वा गेली तेव्हा बायकांनी पदर डोळ्याला लावले. पाटी पडली. दारं उघडली आणि दुपारचं ऊन पार मधल्या रांगांपर्यंत आलं. खुर्च्या खाडखाड वाजल्या. पहिला माणूस शिवलीलाच्या दारातून बाहेर पडला, मागोमाग आणखी चौघं. तिनं मोजले. रांगेत मागं बरेच होते.

"मेली बिचारी."

"चल, गाडी काढ."

तेवढ्यात पडद्यावरून अव्वा म्हणाली, "एवढ्या उशिरा जेवाय आलायसा, थेटरातच झोपायचं की!"

पेठेत फुलं विकणारी शालूबाई दाराशी पोचली होती. ती वळली ती वाटेतच उभी.

"अगं बाई, ही जित्ती हाय की!"

"मावशी, सरका. जाऊ द्या."

"जा की. तुला कोण धरलंय?"

"ओ, रीळ उलटं लागलंय!"

"लागू दे उलटं! खाली बस, डोस्कं आडवं येतंय तुझं!"

मागच्या रांगेत अप्पा तोंड उघडून उठले होते. शिवलीलानं बोट दाखवलं. त्यांनी टॉवेलचा बोळा तोंडात धरला आणि खाली बसले. विश्वजित पडद्याकडं बघत होता. "दादा, दाराकडं बघा!" ती ओरडली.

खेळ सुटल्यावर दोघांनी आकडे जुळवले. आत आलेली माणसं दोनशे सहा. पाटीनंतर बाहेर गेलेली एकतीस. त्यांतली परत आत आलेली चौदा.