चार वाजून दहा मिनिटांचा पाहुणा

मास्तर जाऊन सात महिने झाले होते, आणि त्यांचा फोन रोज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी आमची वेबसाइट उघडत होता.

मास्तर म्हणजे आमच्या ऑफिसातले सर्वांत जुने प्रोग्रामर. डायलिसिस केंद्राची वेबसाइट त्यांनी एकट्याने लिहिली होती. एकच साधं पान, चित्र नाही की रंग नाही. रोज चार वाजता केंद्र त्यावर उद्याच्या पेशंटची नावं आणि वेळा टाकायचं. "दोन वेळा चुकल्या तर माणूस राहत नाही," मास्तर प्रत्येक नवख्याला सांगायचे. चारला यादी लागली की आपला जुनापुराणा फोन घेऊन ते तळघरात जायचे. तिथे रेंज जेमतेम. "इथे उघडलं तर कुठेही उघडेल." आम्ही हसायचो.

ते गेल्यावर पान माझ्याकडे आलं. आमच्या धंद्यात फ्रेमवर्क, म्हणजे वेबसाइटचा तयार सांगाडा, नव्याचे नऊ दिवस टिकतो आणि दहाव्या दिवशी दुसरा येतो. मी सगळ्यात ताजा उचलला. सरकणारे मेनू, उमलणारी बटणं. माझ्या मशीनवर पान डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडायचं. वेगाच्या चाचणीत शंभरपैकी अठ्ठ्याण्णव. साहेब खूश. तळघरात मी गेलेच नाही. मास्तरांची आठवण येईल म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं, पण खरा होता तो आळस.

मग खऱ्या भेटींचा, म्हणजे लोकांच्या फोनवर पान किती वेळात उघडतं त्याचा, अहवाल आला. एक भेट सगळी सरासरी खाली ओढत होती. फोनचं मॉडेल वाचलं आणि अंगावर काटा आला. तसला फोन मी एकाच माणसाच्या हातात पाहिला होता. चार दहा. पान बारा सेकंद पांढरं. पुन्हा प्रयत्न. पुन्हा पांढरं. तिसऱ्यांदा उघडलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मास्तर माझं काम तपासताहेत, असंच मला वाटलं. शेवटी मी साहेबांना सांगितलं.

"भित्यापाठी ब्रह्मराक्षस," साहेब हसले. "अगं, रोज ठरल्या वेळी येतो तो माणूस नसतो, रोबोट असतो. जुन्या फोनचं सोंग घेतात मेले. अडव त्याला. सरासरीही सुधारेल."

मी तो फोन अडवला. अडवलेल्याला दिसणारा मजकूर आपणच लिहायचा असतो. भीती घालवायला मी चेष्टेत लिहिलं, "हे पान फक्त जिवंत माणसांसाठी आहे."

सरासरी सुधारली. सहा दिवस चार दहाला कोणी आलं नाही, आणि मला बरं वाटायच्या ऐवजी काहीतरी कुरतडू लागलं. सातव्या दिवशी मास्तरांच्या खणातला चष्मा द्यायचं निमित्त करून दुपारी त्यांच्या घरी गेले.

दार मास्तरांच्या बायकोने, काकूंनी, उघडलं. चेहरा सुजलेला, पावलं सुजलेली. भिंतीला धरून त्या खुर्चीपर्यंत गेल्या. टेबलावर मास्तरांचा फोन होता.

"हा चालू आहे?" मी विचारलं.

"त्यावरच तर माझी वेळ बघते. पाच वर्षं झाली डायलिसिसला. आधी हे ऑफिसातून बघायचे आणि चार दहाला मला फोन करायचे. कुणाला सांगू नको म्हटलं होतं मीच. उगाच कीव करतात लोक." त्यांना धाप लागली. "तुमचं नवं पान यायला वेळ लावतं गं, पण यायचं. मग हे आलं."

त्यांनी फोन पुढे केला. माझं वाक्य होतं.

"काकू, केंद्रात फोन नाही केलात?"

"दोनदा केला. टेप लागते. वेळ वेबसाइटवर बघा म्हणते. वाटलं, नाव काढलं असेल." त्या हसल्या. "यांनी लिहिलेलं पान खोटं कसं सांगेल?"

"मी लिहिलंय ते. काकू, ते मी लिहिलंय." मला रडू फुटलं.

ॲम्ब्युलन्स बोलावली. आठ मिनिटं, म्हणाले. माझ्या फोनवरून ती अडवणूक काढून टाकली. काकूंना एकच बघायचं होतं.

"नाव आहे का माझं, तेवढं दाखव."

मी मास्तरांच्या फोनवर पान उघडलं. पांढरं. त्या घरात रेंज तळघराइतकीच होती. चार सेकंद, पाच. माझी ती उमलणारी बटणं एकेक करून उतरत असणार. सात.

"येईल," काकू म्हणाल्या. "हे म्हणायचे, धीर धर." त्यांचा हात माझ्या मनगटावर होता.

नऊ. दहा. आधी मेनू आला. मग बटणं आली. बाराव्या सेकंदाला यादी आली आणि तिच्यात वरून तिसरं त्यांचं नाव होतं.

"आहे, काकू! नाव आहे," मी फोन त्यांच्या डोळ्यांसमोर धरून म्हटलं.

डोळे उघडे होते. त्या बघत नव्हत्या.