पंचफुलाच्या नाकातली गंगा

इतवारीतल्या भांडेगल्लीत त्या गुरुवारी हातगाडी जायलाही वाट उरली नव्हती. अस्थिनाथ महाराजांच्या मंडपात नाकातून गंगा वाहणारी बाई बसली होती. महाराज तिला तांब्यातून तीर्थ पाजत. तिनं मान वाकवली, की डाव्या नाकपुडीतून पाणी टपटप ताटात पडे. लोक ते डोळ्यांना लावत. काही तर पीत.

"कलियुगात गंगामाईनं मार्ग बदलला!" महाराज गरजले. "हिमालयातून थेट मस्तकात, मस्तकातून नाकात! शंका घ्याल, तर हाडांचा भुसा होईल!"

गर्दीत यमुताई उभ्या होत्या. त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या, आणि ती बाई त्यांची सख्खी धाकटी बहीण, पंचफुला. चार महिन्यांपूर्वी उमरेडला सासरी तिची वरची दाढ ठणकू लागली, तेव्हा नवऱ्यानं, नत्थूजीनं, तिला महाराजांकडे आणलं. महाराजांनी दाढ उपटली आणि खड्ड्यात 'अस्थिभस्म' ठासलं. हाड वाढून नवी दाढ उगवणार होती. दाढ उगवली नाही. प्यालेलं पाणी नाकातून येऊ लागलं. महाराजांनी लगेच त्याचाच चमत्कार केला.

तिचा सुजलेला गाल पाहून दुसऱ्या दिवशी यमुताई तिला रामदासपेठेत दातांच्या डॉक्टर लतिकाबाईंकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी दाढेच्या जागी कापसाचा धागा धरला.

"नाक चिमटीत दाबा, आणि फुंका."

धागा थरथरला.

"वरच्या दाढांच्या वर, गालाच्या हाडात एक पोकळी असते. ती नाकात उघडते," डॉक्टर म्हणाल्या. "मधलं हाड पातळ असतं. तुमच्या महाराजानं ते फोडून आत पूड कोंबली. तोंडातलं पाणी आता त्या वाटेनं नाकात उतरतं." त्यांनी चिमट्यानं एक खडा काढला. "हे प्लास्टर आहे. पुतळे करतात ते."

"बाई, हाड खरंच बनवता येते का?" यमुताईंनी विचारलं.

"येतं. त्यावर प्रयोग करणारी माणसं आहेत. त्या पोकळीचं अस्तर न फाडता अलगद उचलतात, खाली कृत्रिम हाडाचे दाणे भरतात, पुढे त्यावर दात बसवतात. पण ते किती वेळा फसलं, हेही ती माणसं छापतात." त्यांचा आवाज उतरला. "हिचा पू डोळ्याकडे सरकतोय. आजच दवाखान्यात भरती करा."

नत्थूजी ऐकेना. "येत्या गुरुवारी पूर्णाहुती हाय. मंग पाहू." त्यानं पंचफुलाला पुन्हा मंडपात नेलं. हातापाया पडूनही सहा दिवस वाया गेले.

गुरुवारी यमुताई हळदीचं पाणी घेऊन मंडपात शिरल्या आणि महाराज उठायच्या आत त्यांनी ते बहिणीला पाजलं. ताटात पिवळी धार पडली. मग त्यांनी दाढेच्या खड्ड्यावर ओला कापूस दाबून धरला, साधं पाणी पाजलं. थेंबही पडला नाही.

"नत्थूजी, गंगा पिवळी काहून झाली? अन् कापसानं बंद काहून पडली?"

"विटाळ केला या बाईनं!" महाराज ओरडले. "गंगामाई रुसली!"

गर्दी यमुताईंवर धावली. एक चप्पल त्यांच्या कपाळावर बसली. नत्थूजी तेवढा ताटाकडे पाहत राहिला. "ताई, मंग इतके दिवस मी तिले काय पाजून राहिलो होतो?"

त्यानंच तिला दवाखान्यात नेलं. तिथं प्लास्टरचे तुकडे निघाले, पण पंचफुलाचा डावा डोळा गेला. भोक दोनदा शिवलं, दोन्ही वेळा उसवलं. डॉक्टरांनी पुढची आशा दिली नाही. महाराजांनी दुसऱ्या शहरात मंडप घातला. तिथंही गर्दी होते म्हणतात.

"तुले दुखत होतं, तरी बोलली काहून नाही वं?" यमुताईंनी एकदा विचारलं.

"लोक पाया पडत होते ना, ताई. जल्मात कोणी इचारलं नव्हतं मले."

वाचकहो, यमुताईंनी सगळं दाखवूनही त्या मंडपातून एकच माणूस शहाणा झाला, तोही उशिरा. उरलेले गंगा रुसल्याचं दुःख करत घरी गेले. म्हणून सांगणं एवढंच: माणसाच्या देहातून काही वाहू लागलं, तर हात जोडण्याआधी त्याला विचारा, बाबा रे, दुखतंय का? आणि त्याला डॉक्टरकडे न्या.