कागदी अरण्याच्या पुढे

"फक्त बघणार आहेस ना?" प्रेबेनने वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता विचारलं.

"फक्त बघणार."

"मग मघापासून चष्माच पुसत बसलीयस ती?"

"तू तुझी माशांच्या भावाची पानं वाच," इंगरलीस म्हणाली आणि तिने लॅपटॉप उघडला.

शनिवारची दुपार होती. बेकरीतली सकाळची पाळी संपवून ती नुकतीच घरी आली होती. बाह्यांना अजून वेलचीचा वास येत होता. बाहेर फ्योर्डच्या खाडीवर वारा सुटला होता आणि स्वयंपाकघराची खिडकी अधूनमधून थरथरत होती. टेबलाच्या त्या बाजूची खुर्ची तिने गेल्या महिन्यात दोनदा माळ्यावर नेऊन ठेवली होती आणि दोन्ही वेळा परत खाली आणली होती.

तिला लांबूनच बघायचं होतं. मायकेनचा जादूगार लॅपटॉपवरच्या खेळात कुठे तरी फिरत असेल, कुठल्या दुनियेत पोचला आहे तेवढं बघावं आणि गुपचूप बाहेर पडावं, एवढाच बेत. पण या खेळात माणूस जिथे सोडून जातो तिथेच पुन्हा उभा राहतो, हे ती विसरली होती. पडद्यावर कागदी अरण्य उघडलं. पांढऱ्या घड्यांची झाडं, वाऱ्यावर सळसळणारी छापील पानं, अरण्याच्या टोकाचं उंच दार. दारापुढे तिची बदामफूल उभी होती, हिरव्या झग्यातली, जखमा बऱ्या करणारी लठ्ठ जादूगारीण. आणि अगदी शेजारी, हातभरसुद्धा अंतर नाही अशी, मायकेनची ठिणगी.

ठिणगीने उडी मारली. तिच्या डोक्यावर फुगा उमटला. नमस्कार. मग आणखी एक. नमस्कार. मग तिसरा. मग, चल.

लहान मुलांना या खेळात स्वतःचं काही लिहिता येत नाही. ठरावीक वाक्यांची यादी असते, त्यातून एक निवडायचं. मोठ्या माणसाने काही लिहिलं तर मुलाला तिथे नुसते ठिपके दिसतात. अनोळखी लोकांपासून जपायला हे कुलूप असतं आणि मायकेनच्या खात्याला ते इंगरलीसनेच, नीट विचार करून, लावलं होतं.

हे सगळं ठाऊक असूनही तिने लिहिलं, "मायकेन, बरी आहेस ना? झोप लागते का?"

ठिणगी स्तब्ध झाली. मग फुगा आला. मला समजलं नाही.

थोड्या वेळाने पुन्हा तोच. मला समजलं नाही.

इंगरलीसने लॅपटॉप मिटला.

"बघून झालं?" प्रेबेनने विचारलं.

"झालं."

त्याने एकदा तिच्याकडे बघितलं आणि उठून कॉफीचं पाणी ठेवलं.

मायकेन त्यांच्याकडे आली तेव्हा सहा वर्षांची होती. आई, जनेट, तेव्हा फार प्यायची. नगरपालिकेच्या बालकल्याण खात्यातल्या हॅनेने पोरीला एका पिशवीसह या घरात आणून सोडलं. याआधीही इंगरलीसने परकी पोरं सांभाळली होती, पण एवढं गप्प पोर तिने पाहिलं नव्हतं. शाळेत बाई पुस्तक उघडायच्या आणि मायकेन टेबलाखाली जाऊन बसायची. सगळ्यांनी सगळं करून बघितलं. मग एका सर्दीच्या आठवड्यात प्रेबेनने तिला हा जादूगारांचा खेळ लावून दिला. त्यात एक गोष्ट असते. एका दुनियेतली गोष्ट पुरी केली की पुढच्या दुनियेचं दार उघडतं. पण काय करायचं ते पात्रं सांगतात, आणि पात्रं लिहून सांगतात.

"हा घंटावाला काय म्हणतोय?" मायकेनने विचारलं होतं. इथे आल्यापासूनचा तिचा पहिला प्रश्न.

"वाचू या की," इंगरलीस म्हणाली होती.

अशी सुरुवात झाली. घंटांच्या शहरात मायकेन अक्षरं जुळवायला शिकली. मिठाच्या वाळवंटात ती पूर्ण वाक्य एका दमात वाचू लागली. कागदी अरण्यात तर ती प्रत्येक पात्राला वेगळा आवाज द्यायची. शब्द खाणाऱ्या कसरराणीला तिने शाळेच्या मुख्याध्यापिकेचा आवाज दिला होता, तो ऐकून प्रेबेनला ठसका लागायचा. एका टेबलाशी दोन लॅपटॉप, दोन खुर्च्या. दुनियेचं दार आलं की दोघींनी मिळूनच आत पाय ठेवायचा आणि दारावरची ओळ मायकेनने मोठ्याने वाचायची. हा नियम कुणी केला ते आता दोघींनाही आठवलं नसतं.

कसरराणी हरली ती शेवटच्या संध्याकाळी. दार उघडलं.

"जाऊ या ना, इंगर. एकच मिनिट," मायकेन म्हणाली.

"आठ वाजले. झोपायचं. ते दार कुठे जात नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी आली. जनेट बरी झाली होती, ओल्बॉर्गला इस्पितळाच्या धोबीखान्यात नोकरीला लागली होती, तिने घर घेतलं होतं. सगळं चांगलंच होतं. आदल्या आठवड्यात हॅने याच टेबलाशी बसून केक खात म्हणाली होती, "सुरुवातीचे काही आठवडे भेट नको. फोनही नको. तुझ्याकडून माया येत राहिली तर पोर तिकडे रुजायची नाही. तुला हे मी सांगायला हवं का, इंगरलीस?"

"नको," इंगरलीस म्हणाली होती. खेळाबद्दल तिने विचारलं नाही. उत्तर माहीत होतं म्हणून.

रविवारी दुपारी फोन वाजला. प्रेबेनने घेतला, ऐकलं आणि हात लांब करून तिच्यापुढे धरला. "जनेट."

"फोन करायचा नाही, माहीत आहे मला," जनेट घाईघाईने म्हणाली. "हॅनेला सांगू नका. म्हणजे, सांगायचं असेल तर सांगा."

"मायकेन आजारी आहे का?"

"नाही. काल तुम्ही आला होतात ना त्या खेळात?"

इंगरलीसने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी रागावले नाहीये हो. शाळेतून आली की त्या दारापुढे बसते. खेळत नाही, काही नाही. नुसती बघत बसते. मी म्हटलं, जा की आत. तर म्हणे, इंगरशिवाय नाही. म्हटलं, मी येते. तर म्हणाली, 'तू तर पहिल्या दुनियेतसुद्धा नाहीस.'" जनेट थांबली. "म्हणून मी खरंच केला एक जादूगार. त्या घंटांच्या शहरात एक उंदीर आहे."

"दोरी कुरतडणारा."

"तोच. मेल्याने मला चार वेळा लोळवलं."

इंगरलीसला हसू आलं. "त्याच्यावर आगीच्या मंत्राचं पान टाकतेस ना? नको टाकू. आधी ढाल, मग..."

"तुमच्यापर्यंत यायला किती वेळ लागेल?"

"आम्हाला तीन वर्षं लागली."

 पलीकडे कपडे धुण्याचं यंत्र फिरत होतं.

"तुम्ही एकदाच या," जनेट म्हणाली. "तिला दारातून आत न्या आणि सोडा. मी कुणाला बोलणार नाही. कालपासून ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही, इंगरलीस. जेवते, दात घासते, सगळं सांगितल्याबरोबर करते. मला भीती वाटते तिची."

हे सांगितल्याबरोबर सगळं करणं इंगरलीसला ठाऊक होतं. पहिलं वर्षभर मायकेन या घरात तशीच वागली होती.

"मी थोड्या वेळाने फोन करते," ती म्हणाली.

ती तशीच उभी राहिली. लॅपटॉप समोरच होता. दोन मिनिटांचं काम. मायकेन दारावरची ओळ वाचेल, इथे ऐकू येणार नाही, पण वाचेल.

"जा," प्रेबेन म्हणाला. "आईनेच बोलावलंय."

"आणि पुढच्या दाराला?"

"तेव्हाही जा."

"आणि जनेट मागे सोफ्यावर बसून बघेल. प्रत्येक दुनियेला." ती खुर्चीत बसली. "मी गेले तर मायकेन हसेल. आणि हसून झालं की वळून आईकडे बघेल, तेव्हा जनेटपाशी काय असेल? उंदीर."

प्रेबेनने कानामागे खाजवलं. "मग काय करणार तू?"

"बदामफूल देऊन टाकते तिला."

"कुणाला?"

"जनेटला. माझा जादूगार. तिने तो घेऊन मायकेनच्या शेजारी बसायचं."

तो तिच्याकडे बघत राहिला. "तीन वर्षांचा आहे तो."

"म्हणूनच उपयोगाचा."

"मग तुझ्याकडे काय राहणार?"

"तू आहेस की."

"हे काही फार नाही हं," प्रेबेन म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा चिरकला म्हणून तो कपबशा विसळायला उठला.

तिने फोन लावला. पहिली गोष्ट तिने ही सांगितली की मायकेनपासून काही लपवायचं नाही. "मी आहे असं भासवू नकोस. शेजारी बस, तिच्या देखत उघड. सांग, इंगरने मला दिलाय, पण मला चालवता येत नाही."

"ती चिडेल."

"चिडू दे. माझ्यावर चिडेल. चालेल. आता परवलीचा शब्द लिहून घे. लेव्हरपोस्टाय."

"काय?"

"लेव्हरपोस्टाय. पावाला लावायचं, कलेजीचं. तिने आपण होऊन वाचलेला पहिला शब्द तो. डब्यावरचा."

"तिला आवडतं ते?" जनेटने विचारलं.

"रोज लागतं. राईच्या पावावर, वर काकडी."

"मी तिला चीज देतेय," जनेट हळूच म्हणाली. "ती खाते. काही बोलली नाही."

"तिला वाटलं असेल, तुला वाईट वाटेल."

मग इंगरलीसने तिला खेळ शिकवला. घाई न करता, जसा कुणालाही काही शिकवताना शिकवायची. कोणतं पान बरं करतं, कोणतं राखून ठेवायचं, ठिणगी नेहमी पुढे धावते आणि तिला धावू द्यायचं, आपण मागे राहून तिच्या जखमा भरायच्या. जनेट मध्येच म्हणायची, "थांबा, थांबा," आणि इंगरलीस थांबायची. काही गोष्टी तिने तीन तीनदा विचारल्या. इंगरलीसने तिन्ही वेळा सांगितल्या.

"आणि जनेट, तिच्या आधी वाचू नकोस. अडली तरी शब्द सांगू नकोस. ओळीखाली बोट ठेव आणि थांब. फार वेळ गेल्यासारखा वाटतो. तरी थांब. मग ती वाचतेच."

"आणि नाही वाचलं तर?"

"मग दुसऱ्या दिवशी. तुला एखादा शब्द अडला तर तिलाच विचार. तिला आवडतं ते."

"तुम्ही तर शाळेत असायला हव्या होतात," जनेट म्हणाली.

"मी पाव विकते," इंगरलीस म्हणाली. "हॅनेला मी सांगते आपलं बोलणं झालं म्हणून. तू काळजी करू नको."

फोन ठेवल्यावर तिला आठवलं की दारापाशी पोचल्यावर दोघींनी मिळून पाय ठेवायचा, हे सांगायचं राहिलं. तिने पुन्हा फोन उचलला. मग ठेवून दिला. ते मायकेन सांगेल. नाही तर नाही सांगणार.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातच्या सुमाराला तिने लॅपटॉप उघडला आणि खेळात शिरायला गेली. एका जादूगाराला एका वेळी एकाच ठिकाणाहून खेळता येतं. पडद्यावर ओळ आली, हा जादूगार सध्या दुसरीकडे खेळत आहे.

"काय म्हणतंय?" प्रेबेनने विचारलं.

"खेळतायत."

मंगळवारी पुन्हा तीच ओळ. गुरुवारी नाही आली, तेव्हा ती आत न जाता लगेच मागे फिरली आणि रात्रभर कूस बदलत राहिली. शुक्रवारी ओळ परत आली. त्याहून जास्त काही कळायला मार्ग नव्हता. चिडली का, रडली का, दारावर काय लिहिलं होतं, ते तिने कुठल्या आवाजात वाचलं. बेकरीत कुणी मायकेनची चौकशी केली तर इंगरलीस सांगायची, "खेळते," आणि लोकांना ते पुरत असे.

हॅनेने सांगितलेले आठवडे संपले. त्यानंतर आणखी काही गेले. भेटीचं बोलणं निघालं की काही ना काही आडवं यायचं: कधी जनेटची पाळी, कधी मायकेनच्या नव्या मैत्रिणीचा वाढदिवस. हॅने फोनवर म्हणाली, "छान चाललंय गं तिचं. शाळेत हात वर करते." आणि मग, "तू हे चांगलं लक्षण समज, की ती सारखी विचारत नाही."

"समजते की," इंगरलीस म्हणाली.

वसंतात एका रविवारी दुपारी तिने सवयीने लॅपटॉप उघडला आणि खेळाने तिला अडवलं नाही. या वेळी ती लगेच बाहेर पडली नाही.

बदामफूल एका धक्क्यावर उभी होती. वर, आभाळाच्या जागी, समुद्र होता. त्यात जहाजं उलटी तरंगत होती आणि त्यांचे दिवे खाली लोंबत होते. हिरवा झगा गेला होता. आता निळा होता, शिंपल्यांची किनार असलेला. डोक्यावर एक विचित्र, तिरकी टोपी होती. इंगरलीसने अशी कधीच निवडली नसती. हातातली बरीचशी पानं तिला अनोळखी होती. पायाशी एक छोटा खेकडा होता आणि तो नांग्या वर करून बदामफूलकडे बघत होता. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात गोष्टीतलं पुढचं काम लिहिलं होतं. दीपगृहातल्या तिघी बहिणींना सांगा की भरती खोटी होती.

कोण तिघी बहिणी? कुठली भरती? इंगरलीसने ते वाक्य पुन्हा वाचलं. मधली सगळी गोष्ट तिच्याशिवाय होऊन गेली होती.

"काय दिसतंय?" बाहेर बागेतून प्रेबेनने विचारलं.

"जहाजं."

तिने कुठलीही कळ दाबली नाही. एखाद्या कळीने बदामफूल पाऊलभर जरी हलली असती, तरी त्या दोघींनी जिथे ठेवली तिथे ती राहिली नसती. खेकडा पायाभोवती एक चक्कर मारून परत जागेवर आला. तिकडे त्या एवढ्यात खेळायला बसत असतील, आणि इथे कुणी आत असेल तर त्यांना खेळाचं दार उघडणार नाही, हे लक्षात आल्याबरोबर ती बाहेर पडली.