पायरीवरचा शब्द

सगळं जमून आलेलं असताना एखाद्याच मुद्द्यावर घोडं अडावं, हे आपल्या घरांना काही नवीन नाही. मालगुंडच्या परशुरामभाऊंकडेही नेमकं तेच झालं.

त्यांच्या धाकट्या मुलीने, अक्षयाने, स्वतः पसंत केलेला मुलगा चांगला होता. हर्षद रत्नागिरीला कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचा. निर्व्यसनी, बोलायला मऊ. हेमाताईंना तर जावई म्हणून तो पहिल्या भेटीतच पटला, कारण त्याने फणसाची भाजी पुन्हा मागून घेतली. आईचं मन जिंकायला याहून जास्त काय लागतं? अडचण एकच होती. हर्षद देव मानत नव्हता, आणि विचारल्यावर त्याने ते सरळ सांगूनही टाकलं.

भाऊंनी तेवढंही पोटात घातलं असतं. पण त्यांच्या घराण्याची एक रीत होती. लग्न ठरलं की होणाऱ्या जावयाने ग्रामदेवीच्या देवळात जायचं, गाभाऱ्याच्या पायरीवर उजवा हात ठेवायचा आणि चारचौघांदेखत म्हणायचं, "हिला अंतर देणार नाही." हा पायरीवरचा शब्द झाल्याखेरीज साखरपुडा होत नसे.

हर्षदने नकार दिला. अक्षयाने त्याला परोपरीने समजावलं, की बाबांच्या समाधानासाठी एवढं कर, तुझ्या दृष्टीने तो एक दगडच आहे, हात ठेवलास तर तुझं काय जातंय?

"माझं काही जात नाही, तेच तर वाईट आहे," हर्षद म्हणाला. "बाबांना वाटेल मी देवीला घाबरून शब्द पाळणार. आणि मला माहीत असेल की तसं नाहीये. तुमच्या घरात पहिलं पाऊल मी खोटेपणाने टाकू?"

हे भाऊंच्या कानावर गेलं आणि ते भडकलेच. ज्याला देवाची भीती नाही, त्याला कशाचीच नाही, असं म्हणून त्यांनी स्थळ मोडल्याचं जाहीर केलं. अक्षया वाद घालत बसली नाही. ती बँकेत जायची, घरी यायची, पानातलं चिवडून उठायची. बागेत आंबा उतरवण्याची घाई चाललेली, आणि घरात कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं.

शेवटी हेमाताईंनी चिमाआत्यांना बोलावून घेतलं. आत्या म्हणजे भाऊंची थोरली बहीण, दोन घरं सोडून राहणारी. मंगळवारचा उपास कधी चुकवला नाही, देवीला पहिलं फूल त्यांच्या परड्यातलं जायचं. आता आपली थोरली ताईच त्या नास्तिकाला सुनावेल, या खात्रीने भाऊंनी सगळी तक्रार त्यांच्यापुढे मांडली. आत्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली. मग हळूच विचारलं,

"परशा, अनिशने हात ठेवलान होता ना रे पायरीवर?"

भाऊंचा चेहरा उतरला. अनिश त्यांचा थोरला जावई. पायरीवर हात ठेवताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते पाहून भाऊही गहिवरले होते. त्याच अनिशने मुंबईला दुसरा संसार मांडला आणि भाऊंच्या थोरल्या मुलीला, दीपालीला, लेकीसकट माहेरी धाडलं. दीपाली आत स्वयंपाकघरात होती, तिला सगळं ऐकू जात होतं.

"त्याला देवी बघून घेईल," भाऊ पुटपुटले.

"बघेल हो. माझा आहे विश्वास. पण आपण काय बघितलं? हात पायरीवर आहे ना, एवढंच बघितलं. हात कोणाचा ते बघितलंच नाही. हा पोरगा खोटं बोलून आज सुटला असता रे. लग्न मोडायची वेळ आली, तरी नाही बोलला. याहून निराळी शपथ कसली हवीय तुला?"

दुसऱ्याच दिवशी भाऊ हर्षदच्या घरी जाऊन थडकले आणि चहा यायच्या आतच त्यांनी विचारलं, "देवाला भीत नाहीस, मग वाईट वागण्यापासून तुला अडवणार कोण? उद्या मन फिरलं तर?"

हर्षदने खुर्ची पुढे ओढली. "फिरणारच नाही अशी बढाई मी कशी मारू, काका? मला एवढंच कळतं की माझ्यामुळे अक्षया रडली तर मला अन्न गोड लागणार नाही. त्याला देव लागत नाही, तिच्याबद्दल माया लागते. आणि शब्द द्यायला मी तयार आहे. पण तो तुमच्या घरात देईन, तुम्हा सगळ्यांसमोर. मी चुकलो तर तुम्ही येऊन माझा कान धरा. देवीवर सोपवून घरी बसू नका."

ते शेवटचं वाक्य बिचाऱ्याने सहज म्हटलं होतं. पण भाऊंच्या ते वर्मी लागलं. घरी बसलो! खरंच, आपण घरीच बसलो की! दीपाली परत आली तेव्हा आपण देवीपुढे नारळ फोडला, पण अनिशच्या दारात उभं राहून एकदाही जाब विचारला नाही. श्रद्धेच्या नावाखाली आपण आपलं बापाचं कर्तव्यच टाळलं!

त्या रविवारी भाऊंच्या बोलावण्यावरून हर्षद मालगुंडला आला. घरच्या ओटीवर सगळ्यांसमोर त्याने अक्षयाला शब्द दिला. आत्यांनी त्याच्या हातावर साखर ठेवली आणि ती देवीची आहे हे मुद्दाम सांगितलं. त्याने ती आनंदाने खाल्ली, कारण देणाऱ्या आत्यांवर त्याचा पुरेपूर विश्वास होता.

वाचकहो, देव मानावा की न मानावा, हे ज्याचं त्याने ठरवावं. चांगुलपणावर दोघांपैकी कोणाचीच मक्तेदारी नाही. पण एक मात्र दोघांनीही विसरू नये. माणसाने माणसाशी सचोटीने वागणं आणि अन्याय झाला तर जाऊन विचारणं, हे काम माणसाचंच आहे. ते देवावर ढकलता येत नाही, आणि देव नाही म्हणून सोडूनही देता येत नाही.

साखर वाटून झाल्यावर भाऊ एकटेच देवळात जाऊन आले. आल्या आल्या त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहून दीपालीला हाक मारली.

"बॅग भर गो. उद्या मुंबईला जायचंय, अनिशकडे. मी जाब विचारतो त्याला. फार उशीर केला मी, पोरी."

दीपालीने हातातली कढई खाली ठेवली आणि कितीतरी दिवसांनी ती बापाच्या गळ्यात पडून रडली.